चिठ्ठी २०२३ ची, बिल दर महिन्याचं

प्रश्न : मी ६१ वर्षांची, नागपुरात मानेवाड्यात राहते. यजमान ६६ चे, खासगी कंपनीतून निवृत्त, पेन्शन नावापुरती. २०२२ मध्ये त्यांना स्टेंट टाकला; शुगर आणि बीपी त्याआधीपासूनच. मला थायरॉइड. दोघांच्या गोळ्यांचं बिल महिन्याला ६,२०० च्या घरात जातं. आरोग्य विमा नाही. मुलगा पुण्यात, त्याच्या फ्लॅटचे हप्ते चालू आहेत म्हणून हे त्याला काही सांगू देत नाहीत. परवा लक्षात आलं की हे बीपीची आणि शुगरची महागाची गोळी एक दिवसाआड घेऊन राहिले. विचारलं तर म्हणाले, ‘काही होत नाही, तेवढाच पत्ता जास्त दिवस पुरतो.’ घराजवळ जेनेरिकचं दुकान उघडलंय, बोर्डावर ८० टक्के सूट लिहिली आहे. शेजारचे म्हणतात त्या गोळ्यांत पॉवर कमी असते. काय करू? चिठ्ठीचा आणि बिलाचा फोटो पाठवते. नाव छापू नका.

उत्तर : ताई, पैशांचं नंतर बघू. भाऊजी नेमक्या कोणकोणत्या गोळ्या चुकवतात ते आधी शोधा. ते दोन म्हणतात, पण तुम्ही पत्ते काढून मोजा. चिठ्ठीत क्लोपिडोग्रेल आणि अॅस्पिरिन आहे. स्टेंट टाकलेल्या माणसाने रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने आडदिवसा घेणं हा सरळ सरळ धोका आहे, स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. ती चुकत असेल तर उद्या सकाळीच डॉक्टरांकडे फोन गेला पाहिजे. बीपीच्या गोळीचा हिशेब साधारण दिवसभराचा असतो. एक दिवसाआड घेतली की मधल्या दिवशी बीपी चढतं आणि माणसाला ते कळतही नाही, म्हणून ‘काही होत नाही’ असं वाटतं.

यात आणखी एक गंमत आहे, कडू गंमत. पुढच्या भेटीत डॉक्टर बीपी मोजतील, ते वाढलेलं दिसेल. गोळी आडदिवसा चालू आहे हे त्यांना कुणी सांगितलेलं नसेल, म्हणून ते आणखी एक गोळी लिहून देतील. औषधाच्या दुकानात काउंटरमागे बरीच वर्षं काढली मी. अशा लांबत गेलेल्या चिठ्ठ्या पुष्कळ पाहिल्या. तेव्हा भाऊजींना रागावू नका, पण डॉक्टरांपासून लपवूही देऊ नका.

आता चिठ्ठी. फोटोतली तारीख २०२३ ची आहे. म्हणजे दोन वर्षांहून जास्त काळ तुम्ही त्याच कागदावर ‘रिपीट’ करत आला आहात. किराण्याची यादी आपण दर महिन्याला नव्याने करतो, घरात काय उरलंय ते डबे उघडून बघतो. गोळ्यांची यादी मात्र एकदा लिहिली की दगडावरची रेघ. धंतोली-रामदासपेठेतल्या मोठ्या डॉक्टरांची फी वाचवायची म्हणून लोक जुनी चिठ्ठी चालवतात आणि त्या फीच्या कितीतरी पट पैसे महिन्याच्या महिन्याला औषधाच्या दुकानात ठेवून येतात. तुमचंही तेच झालंय. माझं स्पष्ट मत आहे की तुमचा पैसा कोणत्या दुकानातून गोळ्या घेता याच्यापेक्षा या कागदामुळे जास्त जातोय. म्हणून जेनेरिकच्या दुकानाआधी एकदा डॉक्टरांकडे जा.

तुमच्या बिलातली सगळ्यात जड ओळ शुगरच्या नव्या गोळीची आहे, एम्पाग्लिफ्लोझिन. भाऊजी मूळ कंपनीचा ब्रँड घेतात, एक गोळी साठच्या आसपास, महिन्याला अठराशे. एकूण बिलाच्या चौथ्या हिश्शाहून जास्त. या औषधाचं पेटंट मार्च २०२५ मध्ये भारतात संपलं. त्यानंतर बऱ्याच भारतीय कंपन्यांनी तीच गोळी बाजारात आणली आणि किंमत दहा-पंधरा रुपयांवर आली, काहींची त्याहूनही खाली. तुमच्या चिठ्ठीवर मात्र जुन्या ब्रँडचंच नाव आहे, त्यामुळे दुकानदार तेच देतो. त्याची यात चूक नाही, चिठ्ठीवर जे लिहिलंय त्याऐवजी दुसरं औषध आपल्या मनाने द्यायला कायद्याने त्याला मनाई आहे. डॉक्टरांनी नवीन चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव, म्हणजे ब्रँडचं नव्हे तर आतल्या औषधाचं नाव लिहिलं की अडचणच संपली. ही एक ओळ बदलली तरी हजारावर रुपये वाचतील. डापाग्लिफ्लोझिन, सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन या शुगरच्या गोळ्यांचंही गेल्या काही वर्षांत असंच झालं. तुमच्यासारखे अनेक जण अजून जुन्याच ब्रँडचे पैसे मोजत असणार.

दुसरी जोडी क्लोपिडोग्रेल-अॅस्पिरिन आणि पोटासाठी पॅन्टोप्राझोल. स्टेंटनंतर रक्त पातळ करणारी दोन औषधं साधारण वर्षभर देतात. पुढे बहुतेकांचं एक बंद करतात, काहींना हृदयाच्या प्रकृतीनुसार दोन्ही चालू ठेवावी लागतात. भाऊजी कोणत्या गटात ते कार्डिओलॉजिस्टच सांगू शकतील. तुम्ही फक्त विचारा : ‘स्टेंटला तीन वर्षं होऊन गेली, दोन्ही अजून लागतात का?’ पॅन्टोप्राझोल बहुधा या जोडीचा पोटाला त्रास होऊ नये म्हणूनच दिलंय. जोडीतलं एक औषध बंद झालं तर तेही लागतं की नाही हे त्याच वेळी ठरेल. कुठल्याही परिस्थितीत घरी बसून यातलं काही बंद करायचं नाही. शेजारच्यांनी सांगितलं तरी नाही.

तिसरा गठ्ठा म्हणजे मल्टिव्हिटॅमिन आणि ‘नसांची’ कॅप्सूल. दोन्ही मिळून तुमच्या बिलात आठशे-नऊशेचा आकडा दिसतो. अशक्तपणा वाटतो म्हटलं की त्या चिठ्ठीत येतात आणि मग कुणी काढत नाही. पण इथेही कात्री आंधळेपणाने चालवू नका. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी अनेक वर्षं घेणाऱ्यांना बी-१२ कमी पडू शकतं, पायाला मुंग्या येण्याचं ते एक कारण असतं. डॉक्टरांना बी-१२ ची तपासणी सुचवा. कमी निघालं तर नुसती बी-१२ ची साधी गोळी फार महाग नाही. पाच-सहा घटक कोंबलेली, सोनेरी पाकिटातली कॅप्सूलच हवी असं नसतं. भाऊजींना बरं वाटायला ती हवीच असेल तर त्यांना मी एवढंच म्हणेन की त्या पैशांची संत्री आणा, आपल्या गावात निदान ती तरी चांगली मिळतात.

डॉक्टरांशी हे बोलायचं कसं, असा प्रश्न तुम्हाला पडेल. आपल्याकडे डॉक्टरांपुढे पैशांचं काढलं की अपमान केल्यासारखं वाटतं. वाटू देऊ नका. ‘डॉक्टरसाहेब, महिन्याचं बिल झेपत नाही, त्यामुळे ह्यांनी गोळ्या चुकवायला सुरुवात केली आहे,’ हे वाक्य जसंच्या तसं म्हणा. गोळी चुकते हे ऐकल्यावर बरेच डॉक्टर पेन हातात घेतात. मूळ नाव स्पष्ट, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं असं डॉक्टरांच्या आचारसंहितेतही २०१६ पासून आहे, तेव्हा तुम्ही काही जगावेगळं मागत नाही.

नवीन चिठ्ठी हातात आली की मग जेनेरिक. ‘पॉवर कमी’ हा शेजारच्यांचा समज चुकीचा आहे. बीपीची ४० मिलिग्रॅम टेल्मिसार्टन म्हणजे ४० मिलिग्रॅमच, पाकिटावर नाव कुणाचंही असो. पंतप्रधान जनऔषधी केंद्रांत येणाऱ्या औषधांची प्रत्येक बॅच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून मगच पुढे पाठवली जाते. जेनेरिकमध्ये खराब माल कधी निघतच नाही असं मी म्हणणार नाही. केंद्रीय औषध नियंत्रण संस्था दर महिन्याला दर्जात नापास झालेल्या बॅचची यादी काढते, पण त्या यादीत नावाजलेले ब्रँडही सापडतात. मनातली शंका घालवायला घरीच पुरावा मिळवता येतो. बदल केल्यावर दोन आठवडे भाऊजींचं बीपी रोज एकाच वेळी मोजून वहीत लिहा, आणि तीन महिन्यांनी एचबीएवनसी, म्हणजे सरासरी शुगरची रक्ततपासणी करा. आकडे जागेवर असतील तर शेजारच्यांना वही दाखवा.

आता तो ८० टक्के सूटचा बोर्ड. इथे थोडं थांबून समजून घ्या, कारण फसगत इथेच होते. जेनेरिक म्हणून दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक जनऔषधी केंद्र, जिथे पाकिटावर औषधाचं मूळ नाव आणि छापील किंमतच कमी असते. तिथे सूट नसते, कारण सूट द्यायला वर काही ठेवलेलंच नसतं. दुसरा प्रकार म्हणजे कंपन्या डॉक्टरांकडे जाहिरात न करता थेट दुकानदारांना विकतात त्या गोळ्या. औषध वाईट नसतं, बऱ्याचदा नामांकित कंपनीचंच असतं; पण पाकिटावर छापील किंमत मुद्दाम फुगवलेली असते. समजा छापले शंभर, दुकानदाराला पडले वीस. त्याने तुम्हाला चाळीसला दिलं तर तुम्हाला ६० टक्के सूट मिळाल्याचा आनंद आणि त्याला दुप्पट पैसे. आणि ब्रँडच्याच भावात, दहा टक्के सूट देऊन तेच पाकीट खपवणारेही आहेत. म्हणून दुकानात सूट किती हे विचारूच नका. ‘टेल्मिसार्टन ४०, दहा गोळ्यांचे किती?’ असं विचारा. जनऔषधीत त्या दहा गोळ्या पंधरा रुपयांच्या आतबाहेर मिळतात, तुमच्या बिलात त्याच सत्तरच्या वर गेल्यात. तुमच्या घराजवळचं दुकान कोणत्या प्रकारातलं आहे ते या एका प्रश्नात कळेल.

मोबाइलवर ‘जनऔषधी सुगम’ अॅप घ्या. मराठी-इंग्रजीचा त्रास वाटला तर नातवंडाला किंवा शेजारच्या पोराला सांगा. त्यात जवळचं केंद्र दिसतं, औषधाचं मूळ नाव टाकून किंमत बघता येते. जाण्याआधी केंद्रात फोन करून साठा विचारा, कारण आठपैकी पाच मिळतात आणि तीन नाहीत असं होतं. मग माणूस वैतागून पुन्हा जुन्या दुकानात जातो. महिना संपायच्या आठ दिवस आधी गेलं की जे नसेल ते मागवून ठेवायला सांगता येतं. सरकारने ज्यांच्या किमतीला कमाल मर्यादा घातली आहे अशा औषधांचे भाव ‘फार्मा सही दाम’ अॅपवर दिसतात. सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय, तेही बिलात बघून घ्या. बिल मात्र प्रत्येक वेळी मागायचंच, बॅच नंबर आणि मुदतीची तारीख असलेलं. दहाच्या पत्त्यातून पाच गोळ्या कापून घेतल्या तर मुदत छापलेला तुकडा आपल्याकडे येईल असं बघा.

तुमच्या थायरॉइडच्या गोळीला हे सगळं लागू करू नका. ती तशी स्वस्तच आहे, आणि थायरॉक्सिनचा डोस इतका बारीक असतो की ब्रँड बदलला तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी पुन्हा करावी लागते. वाचलेले पैसे त्या तपासणीतच जातील. फिटची औषधं, वॉरफेरिन यांचंही असंच, डॉक्टरांना विचारल्याशिवाय कंपनी बदलायची नाही.

फुकट मिळणाऱ्या गोळ्यांचाही विचार करा. महानगरपालिकेच्या नागरी प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि ‘आपला दवाखाना’मध्ये बीपी-शुगरची नेहमीची औषधं मिळतात : अॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड असली. साठा कधी असतो, कधी नसतो, रांग असते. भाऊजींना तिथे उभं राहायला कमीपणा वाटेल हे मी गृहीत धरतो. पण आपल्या शेजारच्या वर्धा आणि भंडारा जिल्ह्यांत २०१८ च्या सुमारास सरकारने बीपीचा कार्यक्रम सुरू केला तो याच साध्या, स्वस्त गोळ्यांवर उभा आहे. गोळी रोज मिळाली आणि रोज घेतली, की बीपी आटोक्यात येतं. महागडी कोणती हा मुद्दाच तिथे नाही. महात्मा फुले योजना किंवा आयुष्मान कार्डाच्या भरवशावर मात्र राहू नका. ते दवाखान्यात भरती झाल्यावर कामाला येतं, रोजच्या गोळ्यांना नाही. तरी कार्ड काढून ठेवा.

एक नागपूरची खास गोष्ट. स्वस्त मिळतात म्हणून काही जण गांधीबागच्या दवाबाजारातून किंवा ऑनलाइन तीन-चार महिन्यांचा साठा उचलतात. हिवाळ्यात चालेल. पण मार्च सरला की आपल्या घरांत दुपारी काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. बहुतेक गोळ्यांवर ‘२५ किंवा ३० अंशांखाली ठेवा’ असं लिहिलेलं असतं आणि आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे. वरच्या मजल्यावर, स्लॅबखालच्या कपाटात साठा ठेवू नका. कूलरची खोली थंड म्हणून तिथे ठेवाल, तर तिथे ओलावा. टेल्मिसार्टन ओल पटकन धरतं. आठवड्याच्या गोळ्या पत्त्यातून सोडवून डबीत भरून ठेवायची सवय असेल तर ही गोळी त्यातून वगळा, ती फॉइलमधून काढली की लगेच घ्यायची. उन्हाळ्यात महिन्याचंच आणा, सकाळी किंवा दिवस मावळल्यावर आणा, स्कूटीच्या डिक्कीत विसरू नका. मोठ्या पॉवरची गोळी आणून अर्धी करण्याचा सल्लाही कुणीतरी देईल. एसआर, एक्सआर लिहिलेली, म्हणजे औषध पोटात हळूहळू सोडणारी गोळी कधीही तोडायची नाही. भाऊजींचं मेटफॉर्मिन एसआर आहे.

राहता राहिला मुलगा. तो आयकर जुन्या करप्रणालीने (ओल्ड रेजीम) भरत असेल, तर साठी ओलांडलेल्या आणि आरोग्य विमा नसलेल्या आईवडिलांच्या औषधपाण्यावर केलेल्या खर्चासाठी त्याला वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळू शकते. अट एकच, पैसे त्याने स्वतः आणि रोखीत न देता भरलेले हवेत. म्हणजे तुम्ही बिलाचा फोटो पाठवायचा आणि त्याने पुण्याहून यूपीआयने दुकानदाराला पैसे टाकायचे. भाऊजींना ‘पोराकडे मागणं’ म्हणून सांगाल तर नाही म्हणतील. ‘त्याचा टॅक्स वाचतोय, बिलं सांभाळून ठेवा’ असं सांगून बघा. हिशेब ठेवायचं काम मिळालं की निवृत्त माणसं खूश असतात, हा माझा अनुभव आहे. एक फाइल आणि पंचिंग मशीन आणून द्या.

डॉक्टरांकडे जाताना रिकामे पत्ते, डब्या, थायरॉइडची बाटली, सगळं एका पिशवीत घेऊन जा आणि टेबलावर मांडा. चिठ्ठीवर नसलेलं, कुणीतरी सुचवलं म्हणून सुरू झालेलं चूर्णबिर्ण असेल तर तेही. नवीन चिठ्ठी आली की तिचा आणि महिन्याभरानंतरच्या बिलाचा फोटो मला पाठवा. माझा अंदाज ६,२०० चं निम्म्याखाली येईल असा आहे. नाही आलं तर कुठे अडलं ते पुन्हा बसून बघू.